क्लाइडच्या तळातला नेफ्रॉप्स: पोटात अडकलेल्या दोराचं प्रकरण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला क्लाइडचा समुद्र जमिनीत शंभर किलोमीटरहून जास्त आत शिरला आहे. तिथल्या चिखलाच्या तळातून पकडलेल्या नॉर्वे लॉब्स्टरची, म्हणजेच नेफ्रॉप्सची, जठरं फिओना मरे आणि फिलिप कावी या दोन संशोधकांनी उघडून तपासली आणि जे सापडलं ते २०११ साली 'मरीन पोल्यूशन बुलेटिन' या नियतकालिकात छापलं. ८३ टक्के प्राण्यांच्या जठरात प्लॅस्टिक होतं, त्यातलं बहुतेक तंतूंच्या रूपात. ६२ टक्के प्राण्यांत हे तंतू सुटे राहिलेच नव्हते. एकमेकांत गुरफटून त्यांचा घट्ट गोळा झाला होता.

सूक्ष्म प्लॅस्टिक हा विषय तेव्हा तसा नवाच होता. प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स'मध्ये लिहिलेल्या छोट्या निबंधाने त्याला तोंड फुटलं. १९६०च्या दशकापासून जपून ठेवलेल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, नमुन्यांत त्यांना प्लॅस्टिकचे बारीक तंतू दिसले आणि पुढच्या दशकांतल्या नमुन्यांत ते वाढलेले आढळले. पाच मिलिमीटरहून लहान तो कण सूक्ष्म प्लॅस्टिक, ही मर्यादा त्यानंतर काही वर्षांतच सर्वमान्य झाली. मग जगभर माशांची पोटं उघडली जाऊ लागली. अमुक बंदरातले इतके टक्के, तमुक बाजारातले इतके टक्के, असे आकडे येत राहिले आणि क्लाइडचे ८३ टक्के त्या रांगेत जाऊन बसले.

मला हे प्रकरण त्या रांगेतून बाहेर काढून वेगळं मांडावंसं वाटतं. एखाद्या प्राण्याच्या पोटात किती प्लॅस्टिक सापडलं, हे समुद्र किती घाण आहे यावर जितकं ठरतं तितकंच ते पोट कसं बांधलेलं आहे यावरही ठरतं. क्लाइडइतकं हे स्पष्ट दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या वाचनात नाही. खाणाऱ्याला धोका किती आणि त्या प्राण्याला धोका किती, हे दोन प्रश्न आपण नेहमी एकात एक करून टाकतो. तेही इथे आपोआप सुटे होतात.

जागा आणि जीव

क्लाइड नदी ग्लासगो शहरातून वाहत येऊन या खाडीला मिळते. खाडीच्या मुखाशी समुद्राचा तळ उंचावलेला आहे आणि आत पुन्हा खोल होत गेला आहे, त्यामुळे आतलं पाणी बाहेरच्या समुद्रात मोकळेपणाने मिसळत नाही. नदीतून, सांडपाण्यातून, बोटींवरून जे आत येतं त्यातला मोठा भाग खोल खड्ड्यांतल्या चिखलात बसतो. आणि नेमक्या अशाच चिखलात नेफ्रॉप्स राहतो.

तिथे मासेमारीची गोष्टही काही बरी नाही. १८८९ साली खाडीत ट्रॉलिंगवर, म्हणजे बोटीमागे मोठं जाळं तळावरून ओढण्यावर, बंदी आली होती. १९६२ साली ती उठवायला सुरुवात झाली आणि १९८४मध्ये किनाऱ्यालगतचं तीन मैलांचं संरक्षणही गेलं. पुढच्या वीस वर्षांत तळाशी राहणारे कॉड, हॅडकसारखे मासे बोटींना मिळेनासे झाले. उरले ते नेफ्रॉप्स आणि शिंपले. मरे आणि कावींनी निबंध लिहिला तेव्हा नेफ्रॉप्स हा अख्ख्या स्कॉटलंडच्या मासेमारीत सर्वांत जास्त मोल देणारा जीव होता. ज्या एका प्राण्यावर खाडीतल्या बोटींचं पोट अवलंबून आहे, त्याच प्राण्याच्या पोटात हे सापडलं. म्हणून हा निष्कर्ष कुतूहलापुरता राहिला नाही.

नेफ्रॉप्स हा लॉब्स्टरच्या कुळातला सडपातळ, नारिंगी-गुलाबी, लांब नांग्यांचा प्राणी. बाजारात त्याला लांगूस्तीन म्हणतात, कुठे डब्लिन बे प्रॉन, आणि नुसत्या शेपटीचं मांस स्कॅम्पी म्हणून विकलं जातं. आइसलंड-नॉर्वेपासून भूमध्य समुद्रापर्यंत वीस मीटरपासून कित्येकशे मीटर खोलीपर्यंत तो आढळतो, पण तळ चिखलाचाच लागतो, कारण तो त्यात बिळं करतो. दिवसाचा बराच वेळ बिळात काढतो आणि मंद उजेडात चरायला बाहेर येतो. गांडुळासारखे समुद्री किडे, लहान कवचधारी, शिंपले, मेलेले मासे, जे हाताला लागेल ते नांगीने उचलून तोंडाशी नेतो. चिखलात पडलेला तंतू वेगळा काढून टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. जे खाल्लं त्याच्या पोटात आधीच तंतू असेल तर प्रश्नच मिटला.

जठरातली चक्की

माशाचं पोट म्हणजे ढोबळमानाने एक पिशवी आणि तिला जोडलेली नळी. आत गेलेला बारीक तुकडा अन्नाबरोबर बहुधा पुढे सरकतो आणि विष्ठेतून निघून जातो. इंग्लिश खाडीतल्या १० जातींच्या ५०४ माशांचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ३६.५ टक्के माशांत प्लॅस्टिक मिळालं, पण मिळालं त्या प्रत्येक माशात सरासरी दोन तुकडेही नव्हते. म्हणजे पकडलं त्या क्षणी वाटेत असलेलं एखाद-दुसरं.

नेफ्रॉप्सच्या जठराची रचना निराळी आहे. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या कवचाखाली ते असतं आणि त्याचे दोन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात चुनखडीसारख्या कडक पट्ट्यांवर बसवलेले तीन दात: वरून खाली येणारा मधला एक आणि दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे दोन. हे दात अन्न रगडतात. जीवशास्त्रज्ञ या भागाला जठरचक्की म्हणतात आणि तिचं काम खरोखरच जात्यासारखं चालतं, घास बारीक होईपर्यंत फिरत राहायचं. रगडलेला लगदा दुसऱ्या कप्प्यात जातो, तिथे राठ केसांच्या ओळी चाळणीचं काम करतात. पुरेसं बारीक झालेलं तेवढं पचनग्रंथीकडे जातं, बाकीचं आतड्याकडे.

किड्याचं किंवा शिंपल्याचं मांस या चक्कीत भरडलं जातं. पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे दोर ज्या प्लॅस्टिकचे बनवतात त्याचा, तंतू लवचिक आणि चिवट असतो. दातांच्या मधे येतो तेव्हा तुटण्याऐवजी वळतो. एक तंतू वळला, दुसरा त्यात अडकला, चक्की पुन्हा फिरली आणि दोन्हींना पीळ बसला. दातांच्या फटीतून किंवा केसांच्या चाळणीतून जाईल एवढा बारीक गुंता मग राहत नाही. यापुढे येणारा प्रत्येक तंतू त्या गुंत्यात भर घालतो. गोळा तयार करायला नेफ्रॉप्सने एकदम पुष्कळ प्लॅस्टिक गिळावं लागत नाही. थोडं थोडं, पण सतत, एवढं पुरतं.

संशोधकांनी हे प्रयोगशाळेतही करून पाहिलं. माशाच्या तुकड्यांत पॉलीप्रॉपिलीन दोराचे तंतू पेरून ते नेफ्रॉप्सना खायला दिले. प्राण्यांनी तंतू गिळले, पण विष्ठेवाटे टाकले नाहीत.

मग ते जातं कुठे? कवचधारी प्राणी वाढताना कात टाकतात, आणि फारसं कुणाच्या लक्षात येत नाही अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या जठराचं आतलं अस्तरही कवचाच्याच द्रव्याचं असतं. बाहेरचं कवच उतरतं तेव्हा हे अस्तर, दातांसकट, सोलून निघतं. मरे-कावींच्या २०११च्या नमुन्यात नुकतीच कात टाकलेल्या प्राण्यांत गोळे सर्वांत कमी होते. २०१६ साली नॅटली वेल्डन आणि कावी यांनी टाकलेली अस्तरंच तपासली, तेव्हा त्यांत प्लॅस्टिक मिळालं. निसर्गातला नेफ्रॉप्स गोळ्यातून मुख्यतः कात टाकूनच सुटतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता यातून मादीच्या वाट्याला काय येतं ते पाहण्यासारखं आहे. प्रौढ मादी साधारण वर्षातून एकदाच, अंडी उबवून झाल्यावर, कात टाकते. नराला ही संधी जास्त वेळा मिळते. २०११च्या नमुन्यात नर-मादींत फरक दिसला नव्हता. २०१६च्या मोठ्या नमुन्यात तो दिसला: नरांत प्लॅस्टिक कमी, मोठ्या आकाराच्या प्राण्यांतही कमी. मोठ्यांमधल्या फरकाचं कारण जठरातल्या फटी रुंद होण्यात असावं, असा माझा कयास आहे. मादीच्या बाबतीत मात्र दोन काती टाकण्यातलं अंतर हे कारण पुरेसं पटतं. याच मादीला अंडी धरायची असतात आणि अंडी पोटाशी असतात तो बराचसा काळ बिळात काढायचा असतो. समुद्रातल्या नेफ्रॉप्सच्या एकूण साठ्याच्या दृष्टीने जी सर्वांत मोलाची, तिच्याच जठरात गुंता सर्वांत जास्त काळ बसून राहतो. मला या प्रकरणातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते, आणि टक्केवारीच्या बातम्यांत ती कधी येत नाही.

गोळ्याची साक्ष

सूक्ष्म प्लॅस्टिकच्या अभ्यासांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. तंतू हवेत सगळीकडे तरंगत असतात: कपड्यांचे, पडद्यांचे, गालिच्यांचे. प्रयोगशाळेत जठर उघडं पडलं की काही मिनिटांत त्यावर एखादा तंतू येऊन बसू शकतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत सुती डगला घालतात, काम झाकलेल्या कपाटात करतात, शेजारी कोरी ओली चकती ठेवून तिच्यावर किती तंतू पडले ते मोजतात आणि निष्कर्षातून वजा करतात. सुरुवातीच्या कितीतरी अभ्यासांत ही काळजी नव्हती. 'प्रत्येक माशात एक-दोन तंतू' असा निष्कर्ष वाचताना तो एक-दोन समुद्रातला की खोलीतला, ही शंका घ्यावीच.

गोळ्यावर हा आक्षेप चालत नाही. खोलीतल्या हवेतून पडलेला तंतू जठराच्या आत जाऊन पीळ खाऊन इतर तंतूंशी घट्ट बांधला जात नाही.

दुसरा आक्षेप जाळ्याचा. ट्रॉलच्या जाळ्यात तासन्‌तास ओढला जाणारा प्राणी घाबरून जे समोर येईल ते गिळतो, म्हणजे सापडलेलं प्लॅस्टिक त्या जाळ्याचंच असेल आणि पकडण्याच्या वेळीच आत गेलं असेल. सुट्या तंतूंच्या बाबतीत हे शक्य आहे. पण कात टाकून थोडाच काळ झालेल्यांत गोळे कमी आणि बराच काळ झालेल्यांत जास्त, हा क्रम जाळ्यातल्या काही तासांनी तयार होऊ शकत नाही. जठरातलं प्लॅस्टिक इथे काळाचा हिशेब ठेवतं आहे: शेवटची कात टाकल्यापासून तळावर चरताना किती जमलं, त्याचा. त्यामुळे नेफ्रॉप्सच्या नमुन्याबरोबर कातीची अवस्था नोंदलेली नसेल, तर त्या आकड्याची दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

तुलना झालीही आहे. वेल्डन आणि कावींनी क्लाइडबरोबर स्कॉटलंडच्या वायव्येकडचा नॉर्थ मिंच आणि उत्तर समुद्र इथले नेफ्रॉप्सही घेतले. प्राणी तोच, जठर तेच, चक्की तीच. क्लाइडमध्ये प्लॅस्टिक असलेल्या प्राण्यांचं प्रमाणही जास्त होतं आणि जठरातल्या प्लॅस्टिकचं वजन तर कितीतरी जास्त. बाकी दोन ठिकाणी जे होतं ते बहुतांशी एकेकटा तंतू. इथे समुद्राची बाजू पुढे येते. किनाऱ्याने वेढलेली, नदी आणि वस्ती डोक्यावर असलेली, बोटींनी पुन्हा पुन्हा नांगरलेली खाडी आणि मोकळा समुद्र यांतला हा फरक आहे. आयर्लंडच्या पाण्यातल्या नेफ्रॉप्सवर २०२० साली आलेल्या अभ्यासात ६९ टक्के प्राण्यांत सूक्ष्म प्लॅस्टिक मिळालं. ६९ आणि ८३ शेजारी ठेवले तर जवळजवळ सारखेच वाटतात. पण आयर्लंडच्या प्राण्यांत सरासरी दोनच्या आसपास कण होते आणि क्लाइडच्या प्राण्यांत गोळे. 'आहे की नाही' एवढंच मोजणारी टक्केवारी ही दरी झाकून टाकते.

याच प्राण्यावर भूमध्य समुद्रात झालेलं काम आणखी एक बाजू दाखवतं. सार्डिनियाभोवतीच्या खोल पाण्यातले नेफ्रॉप्स तपासताना, जठरातल्या कणांपेक्षा आतड्यातले कण लहान आहेत, असं २०२०च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे जे प्लॅस्टिक तंतूसारखं चिवट नाही, पातळ पापुद्र्याचं किंवा ठिसूळ आहे, ते चक्की भरडते आणि पुढे सोडते. प्राण्याची सुटका होते, समुद्राची होत नाही. मोठ्या कणाचे अनेक बारीक कण होऊन ते पुन्हा तळावर येतात.

आठ महिने

पोटात गोळा आहे, पण प्राणी जिवंत आहे, चरतो आहे, जाळ्यात सापडण्याइतका हिंडतोही आहे. मग बिघडलं काय? उत्तरासाठी वेल्डन आणि कावींनी नेफ्रॉप्सचे तीन गट आठ महिने सांभाळले. एका गटाला नेहमीचं खाणं, दुसऱ्याला पॉलीप्रॉपिलीनचे तंतू घातलेलं खाणं, तिसरा उपाशी ठेवलेला. प्लॅस्टिकच्या गटाचं खाणं नीट खाणाऱ्या गटाच्या तुलनेत कमी झालं, वजन उतरलं, चयापचय मंदावला आणि साठवलेली चरबी वापरली गेली.

कारण सरळ आहे. जठराची जागा मर्यादित असते, गोळ्याने त्यातला हिस्सा कायमचा घेतला की पोट लवकर भरल्यासारखं होतं. प्राणी मरत नाही, खंगतो. खंगलेला प्राणी कात उशिरा टाकतो हे कवचधारींच्या बाबतीत सर्वसाधारणपणे खरं आहे, आणि कात उशिरा म्हणजे गोळा आणखी मोठा. हे चक्र निसर्गात खरोखर असं फिरतं की नाही हे प्रयोगशाळेच्या टाकीत ठरत नाही. टाकीतल्या खाण्यातलं प्लॅस्टिक आणि चिखलातलं प्लॅस्टिक यांचं प्रमाण एक नसतं. पण दिशा दिसायला एवढं पुरेसं आहे, आणि ज्या साठ्यातून किती पकडायचं याच्या मर्यादेचं गणित वाढीच्या वेगावर मांडलं जातं तिथे ही दिशा दुर्लक्षण्यासारखी नाही.

ताटापर्यंत काय येतं

बातमी वाचणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला, कारण या प्रकरणात त्याचं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे.

गोळा जठरात असतो आणि जठर डोक्यात असतं. स्कॅम्पीसाठी शेपटी पिळून वेगळी केली की गोळा डोक्याबरोबर जातो. शेपटीतून जातो तो आतड्याचा बारीक दोरा, कोळंबी सोलताना पाठीतून काढतात तसा. तो काढला की उरतं ते मांस. मिलिमीटरभर लांबीचा तंतू आतड्याच्या भिंतीतून मांसात शिरत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६च्या निवेदनात १५० मायक्रोमीटरहून मोठे कण आतड्याच्या भिंतीतून शोषले जाण्याची शक्यता नाही, असंच म्हटलं आहे. याला अपवाद आहे तो लांगूस्तीन अख्खा शिजवून डोकं चोखून खाण्याचा; तिथे जठर तोंडाशी येतं. अशा खाणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की डोळ्यांमागची पिशवी काढून टाकावी.

अख्खे खाल्ले जाणारे शिंपल्यातले जीव ही याहून निराळी गोष्ट. तिसऱ्या, कालवं, मसल हे पाणी गाळून खाणारे प्राणी. त्यांचं आतडं वेगळं काढता येत नाही, ते जसेच्या तसे पोटात जातात. २०१४च्या एका बेल्जियन अभ्यासात शेतीत वाढवलेल्या मसलमध्ये दर ग्रॅम मांसाला सरासरी ०.३६ आणि कालवांत ०.४७ कण मिळाले होते. त्याच अभ्यासाने शिंपले भरपूर खाणाऱ्या युरोपीय माणसाच्या पोटात वर्षाला ११,००० कण जातात असा अंदाज बांधला आणि तो आकडा जगभर गाजला. वर उल्लेखलेल्या युरोपीय निवेदनात २२५ ग्रॅम मसलच्या एका जेवणातून जास्तीत जास्त सुमारे ७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जाईल असा हिशेब आहे. वजनात मांडलं की तोच आकडा किती निराळा भासतो ते इथे दिसतं.

आणि मग २०१८ साली स्कॉटलंडच्याच मसलवर एक अभ्यास आला, ज्याची माझ्या मते पुरेशी चर्चा झाली नाही. त्या संशोधकांनी मसल शिजवताना-खाताना घरातल्या हवेतून किती तंतू पडतात तेही मोजलं. ब्रिटनमध्ये मसल खाण्यातून माणशी वर्षाला सुमारे १२३ कण. जेवताना ताटावर पडणाऱ्या घरातल्या धुळीतून १३,७३१ ते ६८,४१५. म्हणजे आपल्या कपड्यांचे आणि गाद्या-पडद्यांचे तंतू शिंपल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आपल्या पोटात जातात.

याचा अर्थ काळजीचं कारण नाही असा नव्हे. १५० मायक्रोमीटरहून बारीक कण, त्याहून बारीक नॅनोकण आणि प्लॅस्टिकला चिकटून येणारी रसायनं यांवर अजून काम चालू आहे आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत गप्प बसणं मला मान्य नाही. पण 'मासे खाऊ नका' हा निष्कर्ष या प्रकरणातून निघत नाही. क्लाइडमध्ये हानी सोसतो आहे तो नेफ्रॉप्स, आणि त्याच्यामागोमाग त्याच्यावर जगणारे कोळी. खाणाऱ्याची भीती वाढवली की चर्चा बाजाराकडे वळते आणि तळावरच्या प्राण्याचा विषय मागे पडतो. असं होताना मी वारंवार पाहिलं आहे.

डोक्याबद्दल एक गोष्ट राहिली. शेपट्या बऱ्याचदा बोटीवरच वेगळ्या केल्या जातात आणि डोकी पाण्यात फेकली जातात. ती तळाशी जातात आणि तिथले मेलेलं खाणारे प्राणी ती खातात, ज्यांत नेफ्रॉप्सही आला. ताटातून वगळलेला गोळा अशा रीतीने ज्या चिखलातून आला तिथेच परततो.

दोर

तंतू कुठले, हे रंगावरून ठरत नाही. रामन वर्णपटमापन नावाच्या तंत्रात तंतूवर लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून त्याचं बहुवारिक (पॉलिमर), म्हणजे तो कुठल्या प्लॅस्टिकचा आहे ते, ओळखतात. मरे-कावींनी हे केलं तेव्हा काही तंतूंचा माग मासेमारीच्या साहित्यापर्यंत लागला. 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाकीच्यांत कपड्यांचा वाटा असणारच. एका कपड्याच्या एका धुण्यातून १,९०० हून जास्त तंतू सुटू शकतात असं २०११ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं होतं आणि क्लाइडच्या काठी मोठं शहर आहे. सगळा दोष कोळ्यांच्या माथी मारणं चुकीचं होईल. तरीही पॉलीप्रॉपिलीनच्या बाबतीत बोट दोराकडे जातं, ते टाळताही येत नाही.

पॉलीप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं आहे, त्याची घनता ०.९च्या आसपास. मग ते चिखलात कसं? तंतूवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर बसला की तो जड होतो. प्लवकांच्या विष्ठेत, मेलेल्या प्लवकांच्या पुंजक्यांत अडकूनही खाली उतरतो. शिवाय ट्रॉलचा दोर मुळात तळावरच घासला जात असतो, तिथे सुटलेल्या तंतूला वरून खाली यावंच लागत नाही.

दोर किती झिजतो हेही वेल्डन-कावींनी पाहिलं आहे. तीन प्रकारचे दोर दहा मीटर खोल पाण्यात बारा महिने ठेवले. पॉलीप्रॉपिलीनचं वजन महिन्याला सरासरी ०.३९ टक्के घटलं, पॉलिइथिलीनचं ०.४५ आणि नायलॉनचं १.०२. शंभर किलो पॉलीप्रॉपिलीनमागे महिन्याला ३९० ग्रॅम. हे वजन सगळं तंतूंच्याच रूपात गेलं असं नाही, पण हे दोर नुसते बुडवून ठेवलेले होते. रेतीवरून, दगडांवरून, चिखलातून ओढले जाणारे आणि कप्पीवरून पुन्हा पुन्हा गुंडाळले जाणारे दोर याहून हळू झिजतील, असं मानायला जागा नाही.

इथे कायद्यातली फट दिसते. जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या मार्पोल कराराची पाचवी जोडपत्रिका ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे आणि तिने समुद्रात प्लॅस्टिक टाकायला पूर्ण मनाई केली आहे. कृत्रिम दोर आणि जाळी यांचा तिच्यात नाव घेऊन उल्लेख आहे. काळजी घेऊनही अपघाताने हरवलेल्या जाळ्याला तिने सूट दिली आहे. पण वापरताना झिजून जो दोर तंतू-तंतूने समुद्रात जातो, तो ना टाकला जातो ना हरवतो. कोळी त्याचा तुकडा टाकत नाही, बंदरात परत आणतो, नियम पाळतो; तरी दरवर्षी दोर थोडा हलका होऊन येतो. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशाने मासेमारीच्या प्लॅस्टिक साहित्याची विल्हेवाट उत्पादकांच्या जबाबदारीत आणली, तीही आयुष्य संपलेल्या साहित्याची. आयुष्य चालू असतानाची झीज कुणाच्याच खात्यात नाही.

माझ्या मते क्लाइडसारख्या खाडीत काम इथूनच सुरू व्हायला हवं, आणि ते फारसं अवघड नाही. दोर नवा असताना त्याचं वजन करून ठेवावं आणि उतरवताना पुन्हा करावं. एवढ्याने कुठला दोर, कुठल्या तळावर, किती महिन्यांत किती झिजतो याची खरी नोंद मिळेल आणि तो कधी बदलायचा हे तुटण्याची वाट न पाहता ठरवता येईल. तळाला घासणाऱ्या भागासाठी वेगळा दोर, बाकीसाठी वेगळा, असा विचारही त्या नोंदीवरच करता येईल. कोळ्याच्या दृष्टीनेही त्यात गैरसोयीपेक्षा सोय जास्त आहे, कारण भर समुद्रात झिजलेला दोर तुटला की ट्रॉल जातो.

नमुने घेणाऱ्यांनी प्रत्येक नेफ्रॉप्सची कातीची अवस्था, लिंग आणि गोळ्याचं वजन या तीन गोष्टी टक्केवारीच्या जोडीला नोंदवाव्यात, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कात टाकण्याआधीच्या माद्या मुद्दाम निवडून तपासाव्यात. पुढच्या पिढीसाठी क्लाइडचा तळ कसा चालला आहे, हे त्या माद्यांच्या जठरात वर्षभराच्या हिशेबाने साठलेलं असतं.